बिडाचा तवा: सहा महिने रोज रात्री वापरला, आता सांगते

संध्याकाळी साडेसातला ऑफिसमधून घरी येऊन चपला काढायच्या आतच "आज जेवायला काय?" हा प्रश्न ज्यांच्या कानावर येतो त्यांच्यासाठी हे लिहितेय. गेल्या दसऱ्याला मी तुळशीबागेतल्या भांड्यांच्या एका दुकानातून १२ इंची बिडाचा तवा आणि १० इंची बिडाची कढई घेतली. आता चैत्र चालू आहे, म्हणजे सहा महिने झाले. या सहा महिन्यांत आमच्याकडचं रात्रीचं जेवण जवळजवळ सगळं या दोन भांड्यांवर आलंय, त्यामुळे आठ दिवस वापरून छान छान म्हणणारा रिव्ह्यू हा नाही, यात गंज पण आहे, चिकटलेलं पण आहे आणि एक कढई फुटल्याची गोष्ट पण आहे.

आधी बीड म्हणजे काय ते सांगते, कारण दुकानात "लोखंडी तवा द्या" म्हटलं की बरेचदा पत्र्याचाच तवा हातात ठेवतात. पत्र्याचा तवा म्हणजे लोखंडाची चादर कापून, ठोकून केलेला, पातळ, हलका, पोळ्यांना आपण सगळे वापरतो तो. बीड म्हणजे ओतीव लोखंड, कास्ट आयर्न. यात कार्बन २ ते ४ टक्क्यांच्या आसपास असतो, साधारण १२०० अंशाला वितळतं, आणि वितळलेला रस वाळूच्या साच्यात ओतून भांडं करतात. म्हणून बिडाच्या भांड्याच्या पाठीला हात लावला तर बारीक रवाळ लागतं, ते त्या वाळूचे ठसे. ओळखायची अजून एक सोपी रीत म्हणजे कालथ्याने वाजवून बघायचं, पत्रा टण्णकन लांब वाजतो आणि बीड ठक्क करून गप्प होतं. दुकानदार म्हणाले माल कोल्हापूरचा आहे. असेलही, कारण कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फाउंड्र्या भरपूर आहेत, गाड्यांचे आणि पंपांचे ओतीव भाग तिथून जातात, तिथल्या माणसाला तवा ओतणं काय अवघड.

तवा १,४५० ला पडला, कढई १,८०० ला. तवा घरी आणून वजनकाट्यावर ठेवला तर अडीच किलोच्या थोडा वर. हे वजन लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचंय.

याच्या आधी मी एकदा फसले होते तेही सांगून टाकते, कारण तुम्ही पण फसाल. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून काळाभोर चकचकीत "सीझन केलेला" तवा घेतला, ४०० रुपयांत मिळाला म्हणून आनंद झाला, आणि पहिल्याच थालीपिठाला खालून काळे पापुद्रे चिकटून आले. तेलाने तयार केलेला थर असा सुटत नाही, तो काळा रंगच होता. थालीपीठ फेकलं, तवा भंगारात दिला. तेव्हापासून माझा नियम असा की चकचकीत, एकसारखा काळा, आरशासारखा दिसणारा स्वस्त तवा घ्यायचा नाही. त्यापेक्षा राखाडी, कच्चा दिसणारा बिडाचा तवा घ्यावा आणि तेल घरी मुरवावं, निदान आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं. विकत घेताना पांढरं फडकं जरा दाबून फिरवा. थोडी काळपट राख किंवा तेल लागलं तर चालतं, रंगाचे कण सुटले तर ठेवून द्या.

आता तवा तयार करणं, ज्याला लोक घाबरतात. तवा एकदाच साबणाने घासून धुतला, लगेच पुसून गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा केला, मग सुती फडक्याने पातळ तेल लावलं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते सगळं पुसून काढलं, म्हणजे तेल लावलंय असं दिसायलाच नको इतकं. मग मध्यम आचेवर धूर येऊन धूर थांबेपर्यंत ठेवायचं, गार करायचं, परत तेच, असं पाच वेळा. मी करडईचं तेल वापरलं, घरात होतं म्हणून, पण नंतर कळलं की ते याला चांगलंच. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं, जास्त आचेवर त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन एक कडक, गुळगुळीत थर होतो आणि लोखंडाला घट्ट धरून बसतो. बिडाच्या तव्याला काही चिकटत नाही ते या थरामुळे. शेंगदाण्याच्या तेलानेही होतं, जरा जास्त वेळा करावं लागतं इतकंच. पहिल्या वेळी मी तेल जास्त ठेवलं, तर तव्यावर चिकट पिवळसर ठिपके उठले, गोंदासारखे. ते मीठ आणि नारळाच्या काथ्याने घासून काढायला माझा अख्खा रविवार गेला. म्हणून परत सांगते, तेल पुसून काढा, आणि पुसलं असं वाटलं की अजून एकदा पुसा. खिडक्या उघड्या ठेवा, धूर खरंच होतो.

हे सगळं झालं आणि पहिल्या रात्री मी त्याच्यावर धिरडी घातली, आणि पहिलं धिरडं चिकटलं. दुसरं पण. मी तवा उचलून परत द्यायच्या विचारात होते तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, तवा तापू तर दे. हे काय नॉनस्टिक आहे का, ठेवलं की ओतलं." हाच सगळ्यात मोठा धडा आहे. बीड उष्णता हळू पसरवतं, ॲल्युमिनियमपेक्षा बरंच हळू, म्हणून मध्ये तापलेलं आणि कडेला गार असं होतं. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं नुसता तापत ठेवायचा, मध्ये एकदा फिरवायचा, पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे, मग आच कमी करायची, तेलाचा हात फिरवायचा आणि मग घालायचं. घरी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे तवा बारीक मध्यम गॅसवर ठेवणं, मग हातपाय धुणं, कपडे बदलणं, तोपर्यंत तो तयार. एकदा ही सवय लागली की वेळ जास्त लागतो असं वाटत नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे याच्यावर रात्रीला काय काय होतं.

भाकरी. मी खरं तर भाकरीसाठीच हे लिहायला बसले. सासूबाई मंगळवेढ्याच्या. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे मालदांडी, तिला २०१६ मध्ये जीआय मानांकन पण मिळालंय, आणि त्या घरात भाकरी नाही तर जेवणच नाही. पुण्यात आल्यावर गॅसवर, पातळ तव्यावर त्यांची भाकरी हळूहळू मागे पडत गेली, आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा. आम्ही कारण पिठाला द्यायचो, इथलं पीठ बरोबर नाही, विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेलं असतं. ते पण खरंच, जुनं पीठ असलं की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते, कितीही गरम पाणी घाला. पण ताज्या पिठाची भाकरी पण पूर्वीसारखी फुगत नव्हती, कडक व्हायची, मध्ये कच्ची आणि कडेला करपलेली. बिडाच्या तव्यावर पहिल्या दिवशी भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकत आल्यावर उलटली, थोड्या वेळाने परत उलटली, आणि ती तव्यावरच टम्म फुगली, गॅसवर धरायची गरज पडली नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दुसरा उंडा मळायला घेतला.

याचं कारण सरळ आहे. ज्वारी-बाजरीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि त्यावरच भाकरी धरून राहते. फुगायला आतल्या पाण्याची एकदम वाफ व्हावी लागते. पातळ तव्यावर ओली, जाड भाकरी टाकली की तवाच गार पडतो, मग आच वाढवायची, मग खालून करपतं आणि आत वाफ धरत नाही. बिडाच्या तव्यात अडीच किलो लोखंडाची ऊब साठलेली असते, एका भाकरीने त्याला काही फरक पडत नाही. सहाव्या भाकरीला पण तो पहिल्यासारखाच असतो. उलट दोन-तीन भाकऱ्यांनंतर गॅस कमी करावा लागतो, नाहीतर पुढच्या भाकऱ्यांना डाग पडतात.

भोगीला तर मी खास फोटो काढून ठेवलाय, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं-पावटा-गाजर-बोरं-हरभऱ्याची लेकुरवाळी भाजी आणि लोण्याचा गोळा. बाजरीच्या भाकरीचे तीळ पत्र्याच्या तव्यावर जळून कडू होतात, इथे ते सोनेरी झाले आणि सगळ्या घरात वास सुटला.

थालीपीठ, हा दुसरा नंबर. भाजणीचं पीठ, कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, ओवा. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचं, मधे आणि चार बाजूंना भोकं, भोकांत तेलाचे थेंब, वर झाकण, पाच मिनिटं. खरपूस हा शब्द ज्याच्यासाठी आहे ती खालची बाजू इथे येते, बाहेर कुरकुरीत आणि आत मऊ, आणि तेल पूर्वीच्या निम्मं लागतं. माझ्या मुलीला भाजी आवडत नाही तर आठवड्यातून एकदा भाजणीत किसलेला दुधी किंवा कोबी जातो, तिला माहीत आहे आणि ती खाते, कारण ते कुरकुरीत आहे.

मग धिरडी, घावन, आंबोळी. पहिल्या महिन्यात घावन चिकटायचे, कारण तांदळाचं पातळ पीठ हे सगळ्यात अवघड, त्याला तवा मुरलेला लागतो. महिनाभर भाकऱ्या आणि थालीपिठं करून, प्रत्येक वेळी शेवटी तेलाचं बोट फिरवून ठेवल्यावर दिवाळीनंतर घावन सुटायला लागले. आता जाळी पडते आणि कडेने आपोआप उचलतात. म्हणून नवीन तव्यावर पहिल्याच दिवशी घावन किंवा डोसा घालू नका, निराश व्हाल. आधी तेलकट गोष्टी करा, थालीपीठ करा, कोथिंबीर वड्या परता, बटाट्याच्या काचऱ्या करा.

काचऱ्यांवरून कढई. बटाट्याच्या पातळ काचऱ्या, मोहरी, हिंग, हळद, तिखट, मीठ, झाकण न ठेवता बारा-पंधरा मिनिटं. बिडाच्या कढईत त्या कडेने तांबूस होतात आणि मोडत नाहीत, वरण-भाताबरोबर याच्यापुढे मला दुसरं काही लागत नाही. भेंडी पण अशीच, तार लवकर मोडते. मेथी, शेपू, पातीचा कांदा घालून झुणका, तोंडल्याची भाजी, कारल्याच्या काचऱ्या, म्हणजे ज्याला आपण परतून भाजी म्हणतो ते सगळं. पिठलं पण करते, पण तेव्हा लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घेते, आणि तळाला जी खरवड राहते त्यासाठी घरात भांडण असतं.

याच्यात काय करायचं नाही ते पण स्पष्ट सांगते. आंबट नाही. पहिल्याच महिन्यात मी कढईत भरली वांगी केली, चिंच-गुळाची, आणि तशीच अर्धा तास कढईत ठेवली. रस्सा काळा पडला आणि जिभेवर लोखंडाची चव आली, खिळा चाटल्यासारखी. आंबट पदार्थ लोखंड खातो आणि आपण मुरवलेला थर पण खातो. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक, लिंबू यांच्यासाठी स्टीलची किंवा कल्हईची भांडी आहेत, कढी-आमटी-सार तिथे. शेवटी लिंबू पिळायचं असेल तर ताटात पिळा.

लोखंड पोटात जाण्याबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात म्हणून लिहिते. हो, लोखंडाच्या भांड्यात शिजवलं की थोडं लोह अन्नात उतरतं, आंबट आणि जास्त वेळ शिजवलेल्यात जास्त, कोरड्या भाकरीत खूपच कमी. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, त्यामुळे हा विषय घराघरातला आहे. पण हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरकडे जा आणि गोळ्या घ्या, तव्याच्या भरवशावर राहू नका. आणि घरात कोणाला थॅलेसेमिया असेल, रक्त चढवावं लागत असेल, तर आधीच शरीरात लोह जास्त साठलेलं असतं, तिथे हे भांडं वापरायच्या आधी डॉक्टरांना विचाराच.

नॉनस्टिक फेकून दिलं का? नाही. ऑम्लेट आणि पनीर अजून त्याच्यावरच करते, मुलगा स्वतः करतो म्हणून पण. पण नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंशाच्या पुढे खराब व्हायला लागतो, रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून विसरलं तर तेवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही, आणि भाकरीला तर तवा सणसणीत तापलेलाच लागतो. म्हणून भाकरी नॉनस्टिकवर करू नका हे मी सगळ्यांना सांगते. शिवाय बिडावर स्टीलचा कालथा खडखडून चालवता येतो, ओरखड्याची भीती नाही.

पोळ्यांचं मात्र माझं मत वेगळं आहे. बरेच लोक म्हणतात बिडावर पोळ्या अप्रतिम होतात. मला रोजच्या वीस पोळ्यांसाठी पत्र्याचाच तवा बरा वाटतो, कारण पोळीला आच भराभर कमी-जास्त करावी लागते आणि बीड एकदा तापलं की ऐकत नाही, दहाव्या पोळीपर्यंत डाग पडायला लागतात. पुरणपोळी मात्र बिडावरच. होळीला केल्या, मंद आचेवर, तुपावर, सगळीकडून सारखा रंग आला. गुळपोळीत संक्रांतीला गूळ बाहेर आला आणि तव्यावर जळला, तर घाबरून खरवडत बसायचं नाही, गरम तव्यावर थोडं गरम पाणी टाकून उकळलं की जळका गूळ सुटून येतो. गरम पाणी म्हटलंय, गार नाही.

गार पाण्याची गोष्ट म्हणजेच कढईची गोष्ट. माझ्या हातात आता आहे ती दुसरी कढई. पहिली मी जानेवारीत काचऱ्या काढून झाल्यावर घाईघाईत तशीच सिंकमध्ये ठेवली आणि नळ सोडला. एक आवाज आला, काच तडकल्यासारखा, आणि काठापासून तळापर्यंत केसाएवढी रेघ. बीड कडक असतं पण ठिसूळ असतं, पत्र्यासारखं वाकत नाही, एकदम गार केलं किंवा फरशीवर पडलं तर तडकतं. मी सुन्न होऊन तिथेच उभी राहिले, साडेतीन महिने मुरवलेली कढई होती ती. दुसरी घेतली, परत पहिल्यापासून सगळं केलं. तुमचं नुकसान होऊ नये म्हणून लिहितेय: आधी गार होऊ द्या, मग धुवा.

धुणं तसं सोपं आहे. कोमट पाणी, नारळाचा काथ्या किंवा मऊ घासणी, खूप तेलकट असेल तर साबणाचा एक थेंब चालतो, आजकालच्या भांड्यांच्या साबणाने थर जात नाही. तारेची घासणी मात्र नाही, आणि भिजत तर अजिबात ठेवायचं नाही. धुतलं की लगेच पुसून दोन मिनिटं गॅसवर, मग तेलाचा एक थेंब फडक्याने सगळीकडे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या आठवड्यात प्रेमाने तारेने लख्ख घासून पालथा घालून ठेवला, सकाळी बघते तर लाल गंज. त्यांची चूक नाही, आयुष्यभर भांडं चमकलं पाहिजे हेच त्यांना सगळ्यांनी सांगितलंय. गंज आला म्हणजे तवा गेला असं नसतं, मीठ आणि काथ्याने घासून परत दोन-तीन वेळा तेल लावून तापवलं की झालं. आता तवा आणि कढई मी स्वतः धुते, भांड्यांच्या ढिगात जाऊच देत नाही.

वजन. अडीच किलोचा तवा एका हाताने उचलून धिरड्याचं पीठ फिरवता येत नाही, पळीनेच पसरवावं लागतं. सासूबाईंचं मनगट दुखतं, त्यांना तो उचलत नाही, त्यामुळे आमचा तवा कायम मागच्या शेगडीवर बसलेला असतो, त्याची ती जागा ठरलीय. दोन्ही बाजूंना छोटे कान आहेत आणि ते तितकेच गरम होतात, जाड फडकं किंवा सांडशी हाताशी पाहिजेच. घरात लहान मूल असेल तर हे जास्त जपा, कारण गॅस बंद केल्यावर अर्धा तास तरी तो चटका देण्याइतका गरम असतो. आत्ताच्या उन्हात स्वयंपाकघर त्यामुळे जास्त तापतं, हे मला एप्रिलमध्ये जाणवतंय, थंडीत उलट बरं वाटायचं. पण ती उरलेली ऊब वाया घालवू नका. गॅस बंद करून त्याच तव्यावर शेंगदाणे टाका, हलवत राहायची पण गरज नाही, अधूनमधून फिरवले की दुसऱ्या दिवशीच्या कुटाची सोय होते. जिरं, तीळ, सुकं खोबरं, कढीपत्ता सगळं असंच भाजून निघतं.

इंडक्शनवर चालतो, लोखंडच आहे, फक्त एकदम मोठ्या नंबरवर ठेवायचं नाही, हळूहळू वाढवायचं. माझी बहीण न्यू जर्सीत असते, तिच्याकडे काचेची शेगडी आहे, ती तवा उचलूनच ठेवते, सरकवला तर काचेला चरे पडतात. तिला इथून पाठवायचा विचार होता पण २३ किलोच्या बॅगेत अडीच किलो तव्याला द्यायचे तर भाजणी आणि मेतकूट मागे राहतं, मग तिने तिथलाच कास्ट आयर्नचा सपाट तवा घेतला. भाकरी त्याच्यावर फुगते असा तिचा व्हिडिओ आला, पीठ मात्र तिला इंडियन स्टोअरमधलं मिळतं आणि त्याला विरी नसते, त्यामुळे ती उकड काढून करते.

मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना. सुरमईची तुकडी रवा लावून कढईत सुंदर होते, खालची बाजू कडकडीत. पण बिडाच्या थरात वास राहतो, दुसऱ्या दिवशीच्या भाजीला लागतो. सासूबाई मासे खात नाहीत म्हणून तव्यावर मासे नाहीत असं आमच्यात ठरलंय, ते कढईतच, आणि नंतर कढईत जाडं मीठ टाकून चांगलं तापवून फडक्याने घासून काढते, बराच वास जातो. दोन्हीकडचं खाणारं घर असेल तर सरळ दोन भांडी ठेवा.

दुकानाबद्दल. माल चांगला दिला, आतून ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेला तवा आणि तसाच न घासलेला तवा असे दोन्ही दाखवले आणि भावातला फरक नीट समजावला. घासलेला २५०-३०० ने महाग होता, तो घ्या, घावन-डोशाला फरक पडतो. पण वापरायचं कसं हे एका शब्दाने सांगितलं नाही, कागद पण नाही. गार पाण्याचं तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर माझे १,८०० वाचले असते. खरेदी करताना सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का बघा आणि उजेडात धरून बारीक छिद्रं आहेत का बघा, ओतकामात हवा राहिली की तशी छिद्रं पडतात. मी पहिले दोन बाजूला ठेवून तिसरा घेतला, दुकानदारांनी न कुरकुरता काढून दाखवले.

तवा, माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा वजनाचा कापला. कढई ४, कारण आपल्या रोजच्या निम्म्या भाज्यांत काहीतरी आंबट असतंच आणि तिथे ती उपयोगाची नाही. एकटे राहत असाल आणि एकच घ्यायचं असेल तर तवा घ्या, १० इंचीच घ्या, तो उचलायला पण बरा.

आज रात्री आमच्याकडे पातीच्या कांद्याचा झुणका, ज्वारीची भाकरी, कैरीचा तक्कू आणि दही आहे. पीठ कालच गिरणीतून आणलंय. तवा ठेवलाय, तापला असेल, सासूबाईंनी परातीत पीठ काढलंय आणि आज पहिली भाकरी मुलगी थापणार आहे, तेव्हा मी उठते.